सम्राट, टॅली क्लार्क आणि मी

माझ्या कादंबरीत एकही माणूस जकात भरत नव्हता. बारा ग्रह होते, दोन राजघराणी होती, एक पदच्युत राणी, अवकाशातल्या लढाया, विषप्रयोग, बनावट पत्रं, सगळं होतं. खनिजांनी भरलेली जहाजं एका सूर्यमालेतून दुसरीत बिनबोभाट जात होती. पण तो माल कोण चढवतं, कोण उतरवतं, कागद कोण तपासतं, जहाज अडकून पडलं तर रोजचं भाडं कुणाच्या बोकांडी बसतं, याबद्दल, सुरुवातीची साठेक पानं सोडली तर, चारशेहून जास्त पानांत एक ओळ नव्हती. आणि लिहिणारा माणूस न्हावा-शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगची कामं करून पोट भरणारा.

कादंबरीचं नाव सांगत नाही. ज्यांच्या घरी प्रत आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना ती मीच भेट दिलेली आहे. प्रकार स्पेस ऑपेरा. विल्सन टकर या अमेरिकन लेखकानं 1941 मध्ये हे नाव काढलं तेच मुळी हिणवायला. रेडिओवरच्या रडक्या मालिकांना तिकडे सोप ऑपेरा म्हणत. त्याच चालीवर, शिळ्या कढीला ऊत आणलेल्या अवकाशयुद्धांच्या गोष्टी म्हणजे स्पेस ऑपेरा. पुढे त्याच प्रकारात एकाहून एक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आणि शिवीचं बिरुद झालं. मराठीत विज्ञानसाहित्याचा मुख्य प्रवाह कथेचा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, ही गोष्ट मी कित्येकांना ऐकवली आहे. तेव्हापासून दिवाळी अंकांतून या कथेचं पीक चांगलं आलं. मात्र साम्राज्यं, दरबार आणि ताफे घेऊन अनेक सूर्यमालांवर पसरलेली जाडजूड कादंबरी मला कुठे दिसली नव्हती. मला दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं मी ठरवलं आणि मलपृष्ठावर ‘मराठीतील पहिली’ असं छापून मोकळा झालो. एका ग्रंथालयात जाऊन चौकशी करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

या नादाला लागलो तो ‘ड्यून’मुळे. फोर्टात कामाला असताना फाउंटनच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळाली होती. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी वीसेक प्रकाशकांनी नाकारली. शेवटी 1965 मध्ये ती छापली चिल्टन नावाच्या कंपनीनं, जिची ख्याती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. हा किस्सा माझा इतका लाडका झाला की माझ्या कादंबरीला नकाराची पत्रं येऊ लागली तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटायला लागलं. प्रत्येक नकार म्हणजे हर्बर्टच्या पंक्तीत एक पाट पुढे. वीस प्रकाशकांनी नाकारलेल्या आणि खरोखरच वाईट असलेल्या कादंबऱ्या जगात किती असतील, हा हिशेब मी कधी केला नाही. एका संपादकांनी तर पत्रात नेमकं काय चुकलं आहे ते लिहून पाठवलं होतं. दोन पानं, स्वतःच्या हस्ताक्षरात. मी ते पत्र ‘यांना या प्रकाराची जाण नाही’ असं म्हणून फायलीत लावलं.

‘ड्यून’ वाचली ती तरी कशी? मला त्यात दिसली वाळू, सुरे, विषाच्या सुया, गादी गमावलेला तरुण राजपुत्र. आज ती उघडली की दुसरंच काहीतरी दिसतं. त्या विश्वात सगळ्या राजकारणाचं मूळ एका मालात आहे. अराकिस नावाच्या एकाच ग्रहावर ‘स्पाइस’ सापडतं आणि त्याच्याशिवाय आंतरतारकीय जहाजं हाकणाऱ्या गिल्डचे नाविक काम करू शकत नाहीत. वाहतुकीची मक्तेदारी गिल्डकडे. व्यापाराचा सगळा नफा चोम नावाच्या महामंडळात जमा होतो आणि त्यातल्या हिश्शावरून सम्राट आणि सरदारघराणी एकमेकांच्या उरावर बसतात. एका घराण्याला अराकिसचा कारभार देणं म्हणजे त्याला खाणीचा पट्टा देणं, आणि तो देता देता त्याच्यासाठी खड्डा खणून ठेवणं. यातलं बरंचसं पहिल्या शंभर पानांतच आहे. मी ती पानं लढाया केव्हा येतात म्हणून भराभर उलटली होती. एका गोदीच्या माणसानं, ज्याचा अख्खा दिवस ‘माल कुणाचा, वाट कुणाची, पैसा कुणाचा’ यातच जातो, त्यानं नेमकी तीच पानं गाळावीत! मला वाटे, कामावरचं जग म्हणजे बिल ऑफ एंट्री, अडकून पडल्याचा रोजचा भुर्दंड म्हणजे डेमरेज आणि डिटेन्शन, सील, सर्व्हेअर, साहेबांची सही. असल्या रुक्ष गोष्टींतून सुटका व्हावी म्हणूनच तर माणूस आकाशाकडे बघतो.

राजकारणाची दुसरी पुंजी मी पेशवाईतून उचलली. तिथेही सगळ्यात सोपं तेच घेतलं. माझ्या चौथ्या प्रकरणात राणीची दासी सम्राटाच्या ध्वनिमुद्रित आज्ञेतला एक शब्द बदलते आणि कैदेत ठेवायच्या राजपुत्राचा खून होतो. म्हणजे चक्क ‘ध’ चा ‘मा’, फक्त होलोग्राममध्ये. ही युक्ती कुणाला ओळखू येणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे. हस्तलिखित पहिल्यांदा वाचणाऱ्या माझ्या बायकोनं त्या पानावर पेन्सिलीनं नुसतं ‘आनंदीबाई?’ असं लिहिलं होतं. मी ते खोडरबरानं पुसलं.

खरं तर नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरचं जे आहे त्याच्यातच राजकारण आहे. खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, भर शनिवारवाड्यात. राघोबादादा गादीवर बसले. आणि मग नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके ही मंडळी कामाला लागली. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवायचं, मूल होईपर्यंत तिच्या नावानं कारभार चालवायचा, मुलगा होईल की मुलगी याचा भरवसा नसताना सरदारांना बांधून ठेवायचं, शिंदे-होळकर कुणीकडे झुकतात ते पाहायचं, निजामाशी बोलायचं, फौजेचा पगार उभा करायचा. 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्यांच्या नावानं पेशवेपदाची वस्त्रं आली. तेवढ्यानं काहीच मिटलं नाही. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, युद्ध झालं, आणि सगळं सालबाईच्या तहापर्यंत, म्हणजे 1782 पर्यंत चाललं. बारभाईंचं हे कारस्थान म्हणजे मुख्यतः पत्रं, पगार, जामीन आणि वाट बघणं. कारस्थान करणाऱ्याला रोज सकाळी उठून कचेरी चालवावी लागते. माझ्या कादंबरीतले कारस्थानी लोक मात्र अंधाऱ्या सज्ज्यांत उभे राहून एकमेकांना टोमणे मारत. त्यांच्या फौजा काय खात होत्या कुणास ठाऊक.

अंतराचं तर विचारूच नका. माझा सम्राट शनीच्या एका चंद्रावर राहत होता आणि नायक मंगळाजवळच्या गोदीत. दोघांची पडद्यावर समोरासमोर खडाजंगी होते. सम्राट ओरडतो, नायक तडक उत्तर देतो, सम्राट चपापतो. भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्ड पाठवलं. शनी आणि मंगळ यांच्यातलं अंतर कापायला प्रकाशाला एक ते दीड तास लागतो, तेव्हा आपल्या सम्राटाला चपापायला साधारण दोन-तीन तास मिळाले असते, चपापण्याची गरज उरली नसती. मी हसलो आणि ‘कल्पनास्वातंत्र्य’ असं काहीतरी उत्तर लिहिलं. त्यांनी पुन्हा पत्र पाठवलं नाही.

चूक फक्त भौतिकशास्त्राची नव्हती. बातमीला वेळ लागतो म्हणूनच कारस्थानाला जागा मिळते. जे बातमी आधी मिळवतात त्यांचं राज्य, आणि ते नेहमी राजेच असतात असं नाही. पानिपतचा निकाल लागला 14 जानेवारी 1761 ला. मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना तो माळव्यात, भेलशाच्या बाजूला असताना कळला, तो सावकारी पत्रातून. पेशव्यांचं सरकारी टपाल मागे, सावकारांचं पुढे. पैसा अडकलेला असतो त्याची बातमी जोरात पळते. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही सांगेल. जहाज कोलंबोत दोन दिवस खोळंबलंय हे कंपनीच्या अधिकृत निरोपाआधी गोदीबाहेरच्या चहावाल्याला माहीत असतं. माझ्याकडे असा चहावाला असताना मी कादंबरीत त्रिकालदर्शी यंत्र घातलं.

आता नायक. कादंबरीची जाहिरात ‘एका सामान्य माणसाचा सिंहासनापर्यंतचा प्रवास’ अशी होती. तो मंगळाजवळच्या एका गोदीत माल मोजणारा कारकून. एक पाय अधू. वरचे लोक हिडीसफिडीस करतात. पहिली साठेक पानं बरी आहेत असं आजही वाटतं, कारण ती माझी नव्हतीच. ती मामांची होती.

आमच्या कामाच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात टॅली क्लार्क म्हणून एक गृहस्थ आहेत, उरणकडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. कंटेनरचं सील तोडलं की एकेक खोका उतरताना मोजायचा, फुटका वेगळा काढायचा, कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा जुळतो की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी कामावर पायावर माल पडला, तेव्हापासून लंगडतात. त्यांच्या घरची जमीन बंदर आणि शहर यांच्या कामात गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी उरण भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, त्या वेळी मामा शाळकरी होते. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिच्या फायली, सातबारे, वारस, खेटे यांवर मामा जेवणाच्या सुट्टीत बोलायला लागले की डबा थंड व्हायचा. मी ऐकायचो आणि घरी आल्यावर त्यांची चाल, बोटांवर मोजायची त्यांची पद्धत, साहेब ओरडला की पेन कानामागे खोचून गप्प उभं राहणं हे सगळं वहीत उतरवायचो. त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं हे सुचलंच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. सुचलं होतं. ते नाही म्हणतील अशी भीती वाटली.

जमिनीची गोष्ट मात्र मी घेतली नाही. माझ्या कादंबरीतही एक अख्खा चंद्र रिकामा करून तिथे तळ बांधला जातो. दोन वाक्यांत. त्या लोकांचं पुढे काय झालं ते नायकानंही विचारलं नाही, मीही नाही.

आणि मग शंभराव्या पानाच्या आसपास मी तो गुन्हा केला ज्याच्यामुळे सगळी कादंबरी बसली. कारकुनाच्या खांद्यावर एक जन्मखूण निघते. तो सम्राटाचा हरवलेला मुलगा असतो. पुढे पाय बरा होतो (राजवैद्याकडे यंत्र असतं), तलवार चालवता येऊ लागते (रक्तातच असते), ताफा त्याच्यामागे उभा राहतो (कारण तो राजपुत्र असतो). मला वाटलं होतं मी कर्ण लिहितोय. कर्णाला जन्माचं गुपित कळतं तेव्हा त्याचा पेच आणखी घट्ट होतो. माझ्या कारकुनाचा पेच तिथेच सुटतो आणि उरलेली तीनशे पानं मिरवणूक चालते. ज्या संपादकांचं पत्र मी फायलीत लावलं होतं त्यांनी हेच विचारलं होतं: हा जर मुळात राजाच होता, तर सामान्य माणसाचं कर्तृत्व कुठलं?

पुस्तक कुणी छापेना, तेव्हा स्वतःच्या पैशानं छापायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. घरी सांगितलं की प्रकाशक खर्च करतोय. पैसे काढले प्रॉव्हिडंट फंडातून, घरदुरुस्तीच्या नावाखाली. फॉर्मवर कारण लिहिताना हात जरासुद्धा थरथरला नाही. कागदावर एक आणि गोडाऊनमध्ये दुसरंच असे प्रकार पकडण्यात ज्याची हयात गेली त्याला ते कसे करायचे हेही ठाऊक असतं. पुढच्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. दुरुस्तीला पैसे नाहीत हे कळल्यावर बायकोनं पासबुक मागितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “अहो, तुम्ही मागितले असते तर मी माझे दिले असते की. पुस्तक वाचून थोडी कुरकुर केली असती, एवढंच.” तिनं ते आधीच वाचलं होतं, पेन्सिलीच्या खुणांसकट, हे मी विसरलो होतो.

अमेरिकन लेखिका लोइस मॅकमास्टर ब्यूजोल्ड माझ्या हाती पडली ती हे सगळं होऊन गेल्यावर. परदेशी असलेल्या भाचीनं ‘द वॉरियर्स ॲप्रेंटिस’ पाठवली. “मामा, तुमच्या पुस्तकासारखंच आहे,” असं तिनं लिहिलं होतं. ते कौतुक होतं की आणखी काही, हे मी अजून विचारलेलं नाही.

ही कादंबरी 1986 ची. नायक माइल्स व्होरकोसिगन, सतरा वर्षांचा, बुटका, पाठीत बाक असलेला. आईच्या पोटात असताना विषारी वायूचा हल्ला झाला, त्यामुळे हाडं काचेसारखी. आणि त्याचा ग्रह बरायार असा की तिथे व्यंग असलेलं मूल जन्मताच मारायची रीत कालपरवापर्यंत होती. लष्करी अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत तो भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. कादंबरीची सुरुवातच अशी. माझ्यासारखा लेखक पुढे एखादा राजवैद्य शोधत बसला असता. ब्यूजोल्ड म्हणते की आपण पात्रापुढे सगळ्यात वाईट काय वाढून ठेवता येईल ते शोधतो. इथं तिनं तेच केलंय. माइल्सची हाडं पुस्तकाच्या शेवटीही तशीच असतात.

माइल्स काही गरीब नाही. तो सरदाराचा मुलगा, त्याचे वडील बालसम्राटाचे कारभारी होते, तो सम्राट त्याच्या बरोबर खेळलेला. जन्मानं तो माझ्या नायकापेक्षा कितीतरी वर आहे. पण ब्यूजोल्ड त्याला त्याचं सरदारपण फुकटात वापरू देत नाही. प्रत्येक वेळी किंमत मोजायला लावते. तो एक भंगारात निघालेलं मालवाहू जहाज घेतो आणि तारण म्हणून वाडवडिलांची जमीन देतो; ती जमीन अणुबॉम्बनं करपलेली आहे हे समोरच्याला सांगत नाही. जहाजाचा खर्च भागवायला नाकेबंदीतून शस्त्रं पोचवायचं कंत्राट घेतो. नाकेबंदी करणारे भाडोत्री सैनिक तपासणीला जहाजावर चढतात. तो प्रसंग मी वाचला तेव्हा माझ्या कपाळावर घाम आला, कारण तपासणीला माणसं चढतात तेव्हा काय होतं हे मला माहीत आहे: कागद बरोबर असले तरी समोरच्याच्या मनात आलं तर तुमचं काही खरं नाही. तिथून माइल्स थापा मारत मारत त्या सैनिकांनाच आपल्या चाकरीत घेतो, एक थाप निस्तरायला दुसरी, आणि बघता बघता ॲडमिरल होतो. मग पुढचा प्रश्न: पगार. ज्या सरकारचं कंत्राट घेतलं त्याचं चलन, मिलिफेनिग, बाहेर कुणी घेत नाही. या काळजीनं नायकाच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो. अवकाशातला वीर, आणि त्याला आडवं पाडतो विनिमयाचा दर! दर पंधरा दिवसांनी कस्टमच्या विनिमयदरांची नवी यादी आली की आमच्या ऑफिसात ज्या शिव्या ऐकू येतात त्या ऐकलेल्या माणसाला याहून खरं काय वाटणार.

राजकारण येतं तेही अशाच एका जुन्या कायद्याच्या आडून. बरायारवर कुठल्याही सरदारानं वीसपेक्षा जास्त हत्यारबंद माणसं पदरी ठेवायची नाहीत. मोडला तर शिक्षा भयंकर. सरदारांच्या खासगी फौजा मोडण्यासाठी तो कायदा आलेला. आणि आपला मुलगा दूर कुठेतरी थापेतून अख्खा ताफा उभा करून बसलाय. घरी वडिलांचे शत्रू तरुण सम्राटाच्या कानाला लागतात: बघा, हा गादीसाठी फौज जमवतोय. त्यांचं म्हणणं धादांत खोटं नाही, म्हणूनच ते धोक्याचं. आकडा खरा, हेतू खोटा. माइल्स सुटतो तो जन्मखुणेवर नाही. तो ताफा सम्राटाच्याच पायाशी ठेवून सुटतो. फौज सम्राटाची झाली की कायदा मोडलाच नाही. हा इलाज कुठल्याही चांगल्या क्लिअरिंग एजंटला सुचला असता, मलाही, कामावर असतो तर.

मग मी तिची बाकीची पुस्तकं मिळवली. बरायारचं सगळं राजकारण एका वाटेवर उभं आहे. तारकांमधून जायचं तर बोगद्यांसारख्या ठरावीक विवरांतूनच (वर्महोल), आणि बरायारची बाहेर जायची वाट कोमार नावाच्या ग्रहावरून. कोमारवर श्वास घ्यायला हवा नाही, लोक घुमटांखाली राहतात, पण तिथे विवरांचा चौक आहे म्हणून ते श्रीमंत. एकदा कोमारच्या लोकांनी पैसे घेऊन सीटागांडा या शत्रुसाम्राज्याच्या फौजेला वाट दिली आणि बरायारवर आक्रमण झालं. पुढे बरायारनं कोमार जिंकून घेतलं आणि माइल्सच्या वडिलांच्या नावाला कायमचा डाग लागला. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात त्याच्याजवळ मी शाळेच्या सहलीत फोटो काढून घेतलेला आहे. घाटात रांजण ठेवणाऱ्याच्या हातात वरचं पठारही असतं आणि खालचं बंदरही. एवढी गोष्ट कळायला मला ओहायोत जन्मलेली बाई लागली.

‘मेमरी’ ही 1996 ची कादंबरी मात्र मी एका दमात वाचू शकलो नाही. तिशीच्या उंबऱ्यावरचा माइल्स आता गुप्तहेर अधिकारी. त्याला फिट्स येतात हे तो वरिष्ठांपासून लपवतो. एका मोहिमेत झटका येतो आणि ज्याला सोडवायला गेला त्याच्याच पायांवर त्याचं शस्त्र चालतं. माणूस वाचतो. आणि माइल्स अहवालात खोटं लिहितो. शत्रूचा काही संबंध नाही, कारस्थान नाही. फक्त नोकरी जाईल म्हणून एका फॉर्मवर एक खोटी ओळ. त्याचा वरिष्ठ, ज्यानं त्याला घडवलं, त्याला समोर बसवून ती ओळ दाखवतो आणि सेवेतून काढून टाकतो. मी पुस्तक मिटलं आणि पीएफच्या फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवली होती ती शोधली. ‘कारण’ या रकान्यात माझं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं होतं.

मामांना पुस्तक मी दिलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या नातवाला दिलं, त्यानं सुट्टीत रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. एक दिवस मामा माझ्या टेबलापाशी आले. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो. माफी मागायची होती, पण ती आधी मागावी की त्यांचं ऐकून मग, हे ठरत नव्हतं.

“सायेब, पोरानी वाचून दाखवला,” ते म्हणाले. “तो लंगडा आपलाच दिसतो.”

मी हो म्हणालो.

“चांगला हाय. पन येक सांगा. तो राजा व्हायला ग्येला, मंग त्याची शिफ्ट कोनी केली?”

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. ते खरोखर थांबले होते. रात्रपाळीला जहाज लागलंय, माल अर्धा उतरलाय, मोजणारा माणूस आकाशात उडून गेला, आकडा जुळणार कसा? आणि न जुळलेला माल कुणाच्या नावावर टाकतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या लंगड्याच्या. मी म्हणालो, “मामा, ते लिहायचं राहिलं.” ते म्हणाले, “मंग लिवा,” आणि पेन कानामागे खोचून गेले. माफी त्या दिवशी राहिली ती राहिलीच. नंतर मागितली तेव्हा त्यांनी विषय बदलून नातवाच्या अ‍ॅडमिशनचं विचारलं. ते मला अजूनही टोचतं.

आता पुन्हा लिहितोय. या वेळी विचारून, आणि मामांच्या अटीवर: नाव नको, गाव नको, पाय बरा करायचा नाही. जन्मखूण काढली, राणी काढली, होलोग्राम काढला. चंद्र रिकामा केला त्या लोकांसाठी एक पूर्ण प्रकरण घातलं. त्यात साडेबारा टक्क्यांसारखंच काहीतरी आहे आणि त्याची फाईल तीन पिढ्या फिरते. सम्राट अजून शनीजवळच आहे पण त्याचं बोलणं तास-दीड तास उशिरा येतं, आणि तेवढ्या वेळात गोदीत काय काय उरकून घेतात त्यावर निम्मी कादंबरी उभी राहील अशी आशा आहे. शिक्षकांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तरात प्रकाशाच्या वेळांचं हातानं केलेलं कोष्टक आलं, वर्षभरात ग्रह कुठे कुठे असतील त्यानुसार. छताची दुरुस्ती बायकोनं तिच्या पैशांतून करून घेतली आणि नवं हस्तलिखित पेन्सिलीसकट तिच्याकडे आहे.

सध्या तिसऱ्या प्रकरणावर घोडं अडलंय. सम्राटाची खास नौका गोदीला लागली आहे, तिच्यातल्या मालाचा आकडा कागदाशी जुळत नाही, आणि टॅली क्लार्कनं सही करायला नकार दिलाय. त्याला धमक्या आल्या, आमिषं आली. माझ्या मते त्यानं आता शहाणपणानं काहीतरी तोडगा काढावा, नाहीतर गोष्ट पुढे सरकणार नाही. मामांचं म्हणणं वेगळं आहे: घाई कसली, नौका अडलेली त्यांची हाय, आधी त्या सम्राटाला रोजचं डिटेन्शन लावा.